मदत हवी आहे : सज्ञान सावत्र मुलाला दत्तक घेता येईल का?

नमस्कार. माझ्या पत्नीचे पहिले यजमान वारल्यानंतर आमचा विवाह झाला, तेव्हा तिचा मुलगा नऊ वर्षांचा होता. आज तो एकतीस वर्षांचा असून विवाहित आहे. तो मला बाबा म्हणतो, पण परवा बँकेत वारसनोंदीचा अर्ज भरताना 'नाते' या रकान्यावर आम्हा दोघांचेही पेन अडखळले. मला दुसरे अपत्य नाही आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यात सावत्र मुलगा सावत्र वडिलांचा वारस ठरत नाही, म्हणून त्याला रीतसर दत्तक घ्यावे असे आम्ही तिघांनी ठरवले आहे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १० प्रमाणे पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या किंवा विवाहित व्यक्तीला दत्तक घेता येत नाही. मात्र रूढी असल्यास त्याला अपवाद आहे, आणि जुन्या मुंबई इलाख्यात कोणत्याही वयाचा दत्तक चालतो ही रूढी न्यायालयांनी मान्य केलेली आहे.

माझी खरी अडचण पुढची आहे. दत्तक देणारी आई हीच माझी पत्नी असल्याने ती देणारी आणि घेणारीही ठरेल. अशा दत्तकपत्राची नोंदणी कुणी केली आहे का? शिवाय मुलाला जन्मदात्या वडिलांकडून मिळालेली शेती कलम १२ मुळे त्याच्याकडेच राहते असे मी वाचले, पण आजोबांच्या अद्याप न वाटलेल्या जमिनीतील त्याच्या हिश्श्याचे काय होईल? मृत्युपत्राचा पर्याय ठाऊक आहे, पण त्याने नाते बदलत नाही. अनुभवी वकिलांनी कृपया मार्गदर्शन करावे.