स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कट-कट आवाज, बूटही फाटलाय. नुसता बूट बदलू की जॉइंट?

पसरणीघाट:
माझी २०१३ची पेट्रोल हॅचबॅक, ९४ हजार किमी झालेत. वाईहून आईला रोज पाचगणीला शाळेत सोडतो. आठवडा झाला, स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कट-कट-कट आवाज येतो. सरळ रस्त्याला काहीच नाही. काल वाकून पाहिलं तर डाव्या चाकाच्या रिमला आतून काळं ग्रीस उडालंय आणि एक्सलच्या जॉइंटवरचा रबरी बूट घडीत चिरलाय. एक गॅरेजवाला म्हणतो पूर्ण एक्सल टाका, दुसरा म्हणतो ग्रीस भरून बूट बदलतो. घाटात आई शेजारी बसलेली असते, धाकधूक होते. कुणाचं ऐकू?

कराडचा_फिटर:
जॉइंट उघडून बघेपर्यंत कुणाचंच नको. २२ वर्षं हेच काम करतोय. एक्सल म्हणजे गिअरबॉक्समधून चाक फिरवणारा दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट असतो: गिअरबॉक्सकडचा आतला, चाकाकडचा बाहेरचा. बाहेरच्या जॉइंटमध्ये पिंजऱ्यात बसवलेल्या सहा गोळ्या खाचांमधून सरकतात. बूट चिरला की ग्रीस बाहेर उडतं, धूळ-पाणी आत जातं. आवाजाआधी सापडलं असतं तर धुऊन, ग्रीस भरून, बूट बदलून भागलं असतं. आता ग्रीसने आवाज चार दिवस दबेल, पण झिजलेलं लोखंड भरून येत नाही.

मिस्त्रीजवळ उभे राहा. जुनं ग्रीस दोन बोटांत चोळून बघा, रेतीसारखं खरखरतं का, उन्हात चमचमतं का. मग जॉइंट डिझेलने धुऊन, पिंजरा तिरका करून एकेक गोळी काढायला सांगा आणि खाचेतून नख फिरवा. नख अडकलं की जॉइंट बाद. वेग घेताना गाडी थरथरत नसेल तर आतला जॉइंट बहुतेक चांगला असतो, मग पूर्ण एक्सलचा खर्च कशाला? जुना जॉइंट घेऊनच दुकानात जा, त्याचे दाते मोजून घ्या. एबीएस (ब्रेक मारताना चाक अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या रिंगचेही.

एक्सलचा नट मात्र नवाच घ्या, आणि टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने) मॅन्युअलमधल्या मापालाच आवळायला लावा. जुनाच नट अंदाजाने आवळून दिलेली गाडी मी स्वतः परत उघडली आहे, म्हणून हे कळकळीने सांगतो. ग्रीस काळं मॉलीचंच (मॉलिब्डेनमवालं), बेअरिंगचं नको. एक्सल गिअरबॉक्समधून ओढला तर ऑइल सांडतं, ते भरून घ्या.

कोकणवाट:
दादा, टाळू नका. मी दोन महिने तो आवाज ऐकत गाडी चालवली. हातखंब्याच्या अलीकडे चढावर जॉइंट तुटला. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही आणि मागे सरकायला लागली. गिअरमध्ये टाकूनही थांबेना, कारण चाकाशी संबंधच तुटलेला. हँडब्रेक ओढला आणि मुलाने चाकामागे दगड लावला.

पसरणीघाट:
ताई, तुमचं वाचून त्याच दिवशी गाडी उभी केली, आईला चार दिवस एसटीने पाठवलं. काका, आज उघडलं. ग्रीस बोटाला खरखरीत लागलं, आणि तीन खाचांमध्ये नख अडकलं. बाहेरचा जॉइंट, बूट, नट नवे टाकले, आतला धुऊन परत बसवला. उजव्या बाजूचा बूट कोरडा आहे, पण घडीत बारीक भेगा दिसल्या. तोही आत्ताच बदलून टाकू का?

कराडचा_फिटर:
हो, आत्ताच. तिथे अजून फक्त रबर गेलंय.