सूर्य किती वाजता उगवावा, किती वाजता मावळावा? इंदूरकरांनो, आपापली पसंती सांगा

संक्रांत झाली, तिळगूळ वाटून झाला, तरी सकाळी सातला बाहेर अंधारच. ‘उत्तरायण लागलं ना, मग उजाडत का नाही?’ हा प्रश्न आमच्या घरी दर जानेवारीत निघतो. त्यावरून सुचलं की वर्षभरातला कुठला सूर्योदय, कुठला सूर्यास्त आपल्याला भावतो, ते सगळ्यांना विचारावं. मात्र ‘निसर्ग सुंदर असतो’ एवढ्यावर थांबू नका. तुमच्या दिवसाशी त्या वेळेचा काय संबंध आहे, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. इंदूरला 21 जूनच्या सुमारास सूर्य 5.42ला उगवतो आणि 7.14ला मावळतो. 21 डिसेंबरला 7.02 आणि 5.47. मला या दोन्ही टोकांपेक्षा फेब्रुवारीचा उत्तरार्ध आवडतो. सूर्यास्त 6.25च्या आसपास आलेला असतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर पिपल्यापाला तलावाची फेरी उजेडात पुरी होते. हवेत गारवा असतोच. नोव्हेंबरच्या अखेरीस मात्र 5.41ला सूर्य गेलेला असतो. तेव्हा जिना उतरून गाडीपाशी यावं तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. त्या दिवसांत मला फार उदास वाटतं.

*

सुदामानगरहून लिहितेय. माझं सगळं गणित मुलाच्या स्कूलबसभोवती फिरतं. बस पावणेसातला येते आणि जानेवारीच्या मध्यात सूर्य 7.09ला उगवतो. थंडीची लाट आली की कलेक्टरसाहेब शाळांच्या वेळा पुढे ढकलतात, पण थंडीसाठी स्वेटर आहे, टोपी आहे. अंधाराला काय घालणार? कोपऱ्यावर उभं असताना समोरून येणारी गाडी आणि चिमुकली पोरं एकमेकांना दिसत नाहीत, याची धास्ती वाटते. माझ्या मते शाळांनी डिसेंबर आणि जानेवारीची वेळ उजेड पाहूनच ठरवावी. मला एप्रिल प्रिय. सहाच्या सुमारास सूर्य वर येतो आणि मुलगा न उठवता उठतो.

*

धागा काढणाऱ्या ताईंच्या घरच्या प्रश्नाचं उत्तर देतो. शाळेत भूगोल शिकवायचो, त्यामुळे राहवत नाही.

दिवस 22 डिसेंबरनंतर मोठा होऊ लागतो हे खरं, पण आधी वाढतो तो संध्याकाळच्या बाजूने. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत जास्त वेगाने चालते. शिवाय तिचा आस कललेला. या दोन्हींमुळे त्या दिवसांत एका मध्यान्हापासून, म्हणजे सूर्य दिवसात सर्वांत उंच असतो त्या क्षणापासून, दुसरा मध्यान्ह यायला 24 तासांहून काही सेकंद जास्त लागतात. तो रोज थोडा थोडा पुढे सरकतो आणि सूर्योदय-सूर्यास्त दोघांनाही सोबत ओढतो. इंदूरला नोव्हेंबरच्या आरंभी मध्यान्ह 12.10ला असतो, फेब्रुवारीच्या मध्यात 12.41ला. म्हणून सर्वांत लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस येतो, सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यात, आणि सर्वांत लहान दिवस या दोघांच्या मध्ये.

एरवीही आपला सरासरी मध्यान्ह 12.27चा, कारण भारताचं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि आपण त्याच्या पश्चिमेला, 76च्या जरा अलीकडे.

पसंती विचाराल तर मला मध्यान्हच आवडतो. कर्कवृत्त आपल्या उत्तरेला आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा अगदी डोक्यावर येतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जुलैचा योग बहुधा ढगांत जातो, जूनचा चुकवू नका. गच्चीवर उभी काठी रोवली की सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. मुलांना उज्जैनला सवाई जयसिंहांच्या वेधशाळेत न्या आणि शंकुयंत्र, म्हणजे सावली मोजायचा उभा शंकू, दाखवा. सावलीवरून सूर्याचं उत्तर-दक्षिण सरकणं तिथे डोळ्यांनी दिसतं, पुस्तकातल्या आकृतीची गरज उरत नाही.

*

माहेर पुण्याचं, सासर रामबागेत. आल्या आल्या जाणवलं की इथला उन्हाळा पहाटे लवकर अंगावर येतो आणि हिवाळ्याची संध्याकाळ झटकन संपते. वरच्या काकांचं वाचून दोन्ही गावांच्या वेळा शेजारी मांडल्या. डिसेंबरात पुण्यात आणि इंदूरला सूर्य साधारण एकाच मिनिटाला उगवतो, जूनमध्ये एकाच मिनिटाला मावळतो! फरक उरलेल्या दोन टोकांना. जूनमध्ये इथे पाव तास आधी उजाडतं, डिसेंबरात पाव तास आधी मावळतं. आईला फोन करून सांगितलं, तिलाही मजा वाटली. मला जूनची पहाट आवडते. साडेपाचला गच्चीत दिवसातली एकमेव गार झुळूक मिळते, घर उठायच्या आत चहा होतो.

*

सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा! सूर्य कधीही मावळो, आपल्या माळव्याची रात्र महत्त्वाची. मे महिन्यातही दहानंतर हवा निवते, मग सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात जावं.

*

आम्ही जैन, मूळचे सांगलीकडचे. घरात रात्रीभोजनत्याग आहे, त्यामुळे सूर्यास्त ही आमच्या जेवणाची वेळ. नोव्हेंबर-डिसेंबरात संध्याकाळचा डबा ऑफिसातच उघडावा लागतो, सव्वापाचला. सोबतचे लोक त्या वेळात माझ्याकडे काम देत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. जून-जुलै मला सर्वांत प्रिय, कारण सव्वासातपर्यंत वेळ असतो आणि सगळे एकत्र पानावर बसतो. घरात नवीन कोणी हा नियम धरत असेल तर एक सांगतो. मुंबईच्या दिनदर्शिकेतली वेळ इथे धरू नका. जूनमध्ये फरक चार-पाच मिनिटांचाच, पण डिसेंबरात इंदूरचा सूर्य मुंबईच्या जवळजवळ वीस मिनिटं आधी मावळतो. इंदूरचंच पंचांग घ्या.