पेपरात फर्स्ट क्लास, सेमिनारला दातखीळ. इंग्रजी बोलताना अडतं कुठं?

घाटावरचा_पोरगा:
पुण्यात एम.एस्सी. करतोय, दहावीपर्यंत मराठी मीडियम. लिहायवाचायला काही अडत नाही पण सेमिनारला उभा राहिलो की ततपप. गंमत म्हणजे मेसमध्ये एक सुदानचा पोरगा आहे त्याच्याशी तास तासभर इंग्रजीत गप्पा मारतो, परवा वरणात बोट बुडवून टेबलावर स्टंप काढून एलबीडब्ल्यू समजावला त्याला!! तेवढ्यात गावाकडचा मित्र शेजारी येऊन बसला आणि माझं तोंड बंद. इंग्रजी कच्चं आहे का मीच?

खडू_आणि_डस्टर:
इंग्रजी कच्चं असतं तर एलबीडब्ल्यू जमला नसता 😄 मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. हॉर्विट्झ वगैरे संशोधकांची १९८६ची ३३ वाक्यांची प्रश्नावली आहे, परक्या भाषेच्या वर्गात किती धास्ती वाटते ते मोजायची, त्यात एक वाक्यच आहे की मी बोललो तर बाकीची मुलं हसतील. आणि मॅकिन्टायर आणि मंडळींनी १९९८ला मांडलं की भाषा येणं वेगळं आणि या घडीला या माणसाशी बोलावंसं वाटणं वेगळं. तुझं तेच झालंय. आपल्याकडं चूक झाली तर हसतात आणि बरोबर बोललास तर "लई शाना झाला" म्हणतात, मग पोरगं बोलेल कशाला?

ओसाकातून:
इथं जपानात वेगळाच प्रकार. लॅबमध्ये सरांनी इंग्रजीत प्रश्न विचारला की सगळ्यांच्या माना वहीत, आधी शेजाऱ्याशी कुजबुज करून मगच कोणीतरी एक शब्द बोलणार. मला वाटायचं यांना येतच नाही, तर सेमिनार संपल्यावर एकाने चिठ्ठी आणून दिली, प्रश्न इतका नेमका की मलाच उत्तर येईना. त्यांच्या देशभरच्या सामायिक प्रवेश परीक्षेत इंग्रजीचं लिसनिंगच २००६ला आलं, तोवर तिथं सगळं कागदावर. पण हसत कोणी नाही हं, अर्धवट काही बोलून दुसऱ्यांचा वेळ खायचा नाही असं असतं. याशिमा नावाच्या संशोधक बाईंनी २००२ला इथल्याच विद्यार्थ्यांवर लिहिलंय की ज्यांना बाहेरच्या जगाशी संबंध ठेवायची ओढ असते ते बोलायला जास्त तयार असतात. मी मात्र इथं बिनधास्त बोलतो, माझा 'झ' कुठल्या जिल्ह्यातला हे ओळखणारं कोणी नाही.

साधा_माणूस:
सगळं खरं, पण इंटरव्ह्यूला समोर सुदानी नसतो भावा.

घाटावरचा_पोरगा:
😂 हे सगळं त्या पोराला सांगितलं, म्हटलं तुझं बरंय बाबा, तू कुठंही बोलतोस. तर म्हणाला त्याचं शिक्षण सगळं अरबीत झालंय, आणि खार्टूमच्या इंग्लिश स्कूलवाले दोन सीनियर मेसमध्ये दिसले की तो ताट उचलून माझ्या टेबलावर येतो.