हळदीच्या कार्यक्रमात संयम कसा राखावा?

प्रश्न: पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातून उपचार घेऊन परतल्याला सात महिने झाले असून, रविवारी चुलतभावाच्या हळदीला मित्र दारूचा आग्रह करणार हे ठरलेलेच आहे. काय करावे?

उत्तर १: पोटभर जेवूनच जावे, कारण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार अवस्थांत तलफ अधिक सतावते. हातात कोकम सरबताचा पेला सतत धरावा, रिकामा हात दिसला की आग्रह होतोच (आपल्याकडची रीतच ती!).

उत्तर २: अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये (दारू सोडू पाहणाऱ्यांचा परस्परांना आधार देणारा गट) शिकल्याप्रमाणे मी अकरा वर्षे ‘फक्त आजचा दिवस’ एवढेच ठरवतो. तलफ आली की मांडवाबाहेर येऊन माझ्या स्पॉन्सरला (गटातील मार्गदर्शक जुन्या सदस्याला) फोन लावतो. बहुधा अर्ध्या तासात ती ओसरते. दारू सोडण्यासाठी दिली जाणारी डायसल्फिरामची गोळी चालू असल्यास मात्र घोटभर दारूही धोकादायक ठरते.

प्रश्नकर्ता: गोळी चालू नाही. स्वतःच्या मोटारसायकलने जाईन, म्हणजे केव्हाही निघता येईल.