फुकट सगळं मिळायलंय, तरी काही लोक सीडी का घेतात?

गुलमंडीकर
माझा मुद्दा सरळ आहे. आजच्या दिवसात पैसे देऊन गाण्याची सीडी घेणारा माणूस वेडा नाही अन जुनाट पण नाही. फुकट गाणी वाटायचं नॅपस्टर १९९९ला आलं, २००१ला कोर्टानं बंद पाडलं, पण फुकट वाटायची सवय काही गेली नाही, मग टोरंट आलं, मग आपल्याकडं मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणे भरून मिळायला लागले, आता टेलिग्रामवर आख्खे अल्बम पडलेले असतात. संभाजीनगरात सीडीची दुकानं बहुतेक बंद झाली तरी माझ्या ओळखीतले काही जण अजून मागवतात, अन मी पण मागवतो. कारण सीडीच्या कागदावर कुणी लिहिलं, कुणी चाल लावली, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण, हे सगळं छापलेलं असतं.

आपल्याच शहरातले शायर बशर नवाज घ्या. १९८२च्या 'बाजार' सिनेमात त्यांचं एक गाणं आहे, खय्यामचं संगीत, भूपिंदरचा आवाज, अर्ध्या देशाला पाठ असेल. अन आपल्याकडं फिरणाऱ्या फाइलीवर काय लिहिलेलं असतं? 'भूपिंदर सॅड हिट्स ०७'. शायर गायब. २०१५ला ते गेले तेव्हा इथल्याच कॉलेजच्या पोरांना सांगावं लागत होतं की अरे हे आपल्या गावच्या माणसाचं आहे. मला याचा फार त्रास होतो. तुम्हाला काय वाटतं?

कोपीवरचा
दादा, नाव दिसत नाही म्हणून सीडी घ्या हे मला पटलं नाही. मी बीड जिल्ह्यातला. आमच्या गावात सीडी कधी धड आलीच नाही, कॅसेट होती अन मग एकदम मेमरी कार्ड. आईबाप ऊसतोडीला जायचे, पाच-सहा महिने कोपीवर म्हणजे फडातल्या झोपडीत, तिथं सीडी प्लेअर कुठं ठेवायचा अन लाइट कुठून आणायची? पन्नास रुपयात दुकानदार कार्ड भरून द्यायचा, त्यात भारुडं, भीमगीतं, गवळणी, हिंदी, सगळं यायचं अन ते एका फोनवरून दुसऱ्या फोनवर ब्लूटूथनं जायचं. त्याला चोरी म्हणणारांनी आधी सांगावं की त्या माणसाला विकत घ्यायची सोय कुणी केली होती. कंपनीचं दुकान आमच्या तांड्यावर नव्हतं.

तानपुरा_अंबाजोगाई
कोपीवरच्या दादांचं बरोबर आहे, ज्याला दुसरा मार्गच नव्हता त्याला दोष देता येत नाही. पण ज्याच्याकडं मार्ग आहे त्यांच्याबद्दल बोलूया. मी गाणं शिकवते, म्हणून माझं कारण आवाजाचं.

ऑडिओ सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनल, म्हणजे सेकंदाला १,४११ किलोबिट. जी एमपीथ्री गावभर फिरते ती १२८ किलोबिटची, साधारण अकरावा हिस्सा. बाकीचं कुठं गेलं? कानाला कमी कळतं म्हणून काढून टाकलं. सिनेमाच्या गाण्यात एक वेळ चालून जातं, पण तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, डग्ग्याची घुमक विरत जाते ना, तिथं लगेच कळतं. त्यात फिरणारी फाइल कुणीतरी एमपीथ्रीवरून परत एमपीथ्री केलेली असते, मग तंबोरा नुसता फसफसतो. मुलींना मी सांगते की स्वर लावायचा तर असल्या फाइलीवर लावू नका.

दुसरं म्हणजे वेळ. जुन्या ७८च्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटात ख्याल उरकावा लागायचा, एलपीच्या एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं. सीडीवर ७४ मिनिटं सलग मिळाली, विलंबित म्हणजे संथ लयीचा मोठा ख्याल न कापता घरात ऐकता आला. अन मधे जाहिरात नाही. बडा ख्याल अर्ध्यात आलाय अन एकदम कर्जाची जाहिरात, हे मला सहन होत नाही, खरंच नाही होत.

लातूर_कोडर
ताई, तुमचा आकडा बरोबर पण तुलना चुकीची. १२८च्या एमपीथ्रीशी सीडीची तुलना म्हणजे वीस वर्षं मागं जाणं झालं. ऍपल म्युझिक २०२१पासून सीडीच्या दर्जाचं अन त्याच्या वरचं पण त्याच पैशात द्यायलंय. सीडीवरून फ्लॅक नावाची फाइल केली तर एक बिट पण कमी होत नाही अन जागा साधारण अर्धी लागते. मग ती चकती कशाला सांभाळायची? ३२०ची नीट केलेली एमपीथ्री अन सीडी डोळे झाकून ऐकवली तर बहुतेकांना फरक सांगता येत नाही, मला तर येत नाही.

अन आपल्या घरातल्या अर्ध्या 'सीड्या' खऱ्या सीड्या नव्हत्याच. वीस-तीस रुपयाला मिळायच्या त्या ७०० एमबीच्या राइट केलेल्या, दीडशेच्या आसपास गाणी कोंबलेली. त्यात डायचा थर असतो, उन्हानं अन आपल्या उन्हाळ्यानं तो उडतो. कारखान्यात छापलेली सीडी टिकते, पण तिच्यावर सुद्धा वरच्या छापील बाजूनं ओरखडा गेला तर खेळ खलास, कारण ऍल्युमिनिअमचा थर त्याच बाजूला असतो.

तानपुरा_अंबाजोगाई
ब्लूटूथच्या डबड्यावर लॉसलेस, म्हणजे काही न गाळलेली फाइल लावून काय उपयोग भाऊ, ते परत दाबूनच जातं. वायर लावून ऐकणारे किती?

गुलमंडीकर
@लातूर_कोडर फ्लॅक करायची तर आधी सीडी लागतेच की! अन ऍपचं म्हणाल तर ऍप म्हणजे भाड्याचं घर. रेसो २०२४च्या जानेवारीत भारतात बंद झालं, विंक त्याच वर्षी बंद झालं, लोकांनी तिथं वर्षानुवर्षं लावलेल्या याद्या अन डाउनलोड गेले. त्याच्या आदल्या साली, २०२३ला, झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून निघाली कारण दोन कंपन्यांचा करार जमला नाही. ऐकणाऱ्याची काय चूक होती? माझ्या कपाटातली सीडी कुणाच्या कराराला बांधलेली नाही.

पखवाज_जिंतूर
तुम्ही सगळे मोठ्या कंपन्यांचं बोलायलेत म्हणून लिहितो. आमच्या भजनी मंडळानं वर्गणी काढून एक ऑडिओ सीडी काढली होती. स्टुडिओचं भाडं, हार्मोनियमवाला बाहेरचा, छपाई, सगळं आमच्याच खिशातून. सप्त्यात काला झाल्यावर टेबल मांडून विकायची असं ठरलं. पहिल्या सप्त्यात बऱ्या गेल्या. दुसऱ्या गावात टेबल मांडलं तर लोक म्हणले माउली आमच्याकडं आहे की, अन फोन काढून वाजवून दाखवली. आमचीच. राहिलेल्या सीड्या अजून खोक्यात आहेत. कुणावर राग नाही, लोक प्रेमानंच ऐकत होते, पण खर्च निघाला नाही अन दुसरी सीडी काढायची मंडळाची हिंमत झाली नाही हे खरं आहे. म्हणून कुणी पैसे देऊन सीडी घेतली की मी त्याला कधी उगं खर्च म्हणणार नाही.

कोपीवरचा
माउली, वाईट वाटलं वाचून. पण एक विचारतो, त्या फोनमुळं तुम्हाला दुसऱ्या गावची बोलावणी आली का नाही?

पखवाज_जिंतूर
आली. खोटं कशाला बोलू. पार सेलू-मानवतपर्यंत आली. पण ते गाणारा-वाजवणारांचं झालं. ज्या म्हाताऱ्या माणसानं पदं लिहून दिली होती ते काय बोलावण्यावर जाणार? त्यांना सीडीमागं काहीतरी द्यायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

कायद्याचं_बोला
२०१२ला कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली ती याच्यासाठीच, गीतकार अन संगीतकाराला रॉयल्टीत बरोबरीचा वाटा, तो लिहून सोडून देता येत नाही. जावेद अख्तरांनी राज्यसभेत ते लावून धरलं होतं. पण विकलंच गेलं नाही तर वाटा कशाचा? अन सगळंच शेअरिंग बेकायदा असं पण समजू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं, म्हणजे १९६४पर्यंत निघालेल्या तबकड्यांच्या मुद्रणावरचा हक्क २०२४अखेर संपला. मात्र गीत अन चाल यांचा हक्क वेगळा, तो त्या माणसाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. लोक हे दोन्ही एकच समजतात.

नागसेनवन
मी वेगळ्या बाजूनं बोलतो. आमची भीमगीतं वाटण्यासाठीच झाली. जलशातून, मोर्चातून, तोंडातोंडी. १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर नामविस्तार दिनाला जा, पुस्तकं अन फोटोच्या शेजारी गाण्याचे स्टॉल असायचे, लोक घ्यायचे अन गावाकडं जाऊन सगळ्या वस्तीला ऐकवायचे. कुणी म्हणलं नाही की एकट्यानंच ऐका.

अन गुलमंडीकर सर, तुमच्या नावाच्या मुद्द्याला आमच्या शाहिरांनी कधीचं उत्तर देऊन ठेवलंय. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचे. तुकोबा पण तेच करायचे. गाणं कितीदा उतरवा, कुणीही गा, नाव गाण्याच्या आतच. त्याला सीडीचा कागद लागत नाही.

गुलमंडीकर
हे मला पटलं अन आधी सुचलं नव्हतं. गझलेच्या मक्त्यात, म्हणजे शेवटच्या शेरात पण तेच असतं. पण सिनेमाच्या गाण्यात ती सोय नसते ना सर. अन आता तर तीस सेकंदाचं रील कापतात, त्यात शेवटचं कडवं येतच नाही. मुखडा राहतो, नाव जातं.

नागसेनवन
ते मात्र खरं आहे. शेवटचं कडवं कापणं मला पण सहन होत नाही. जयंतीच्या डीजेवर पण तेच करायलेत.

लातूर_कोडर
मग उपाय सीडी नाही, फाइलीच्या टॅगमध्ये नाव नीट भरणं आहे. गीतकार, संगीतकार, वादक, सगळ्याला रकाने असतात. दुकानदार भरत नाही अन आपण पण भरत नाही. पखवाज भाऊ, तुमची फाइल पाठवा, मी भरून देतो.

पखवाज_जिंतूर
पाठवतो. अन मंडळात आता बोलणं चाललंय की पुढच्या सप्त्यात सीडीऐवजी पेनड्राइव्ह ठेवायचा, सोबत छापील कागद, पदं कुणाची ते ठळक. ट्रॅक्टरला अन जीपला पेनड्राइव्हच चालतो, सीडी प्लेअर आता कुणाकडंच नाही.

कोपीवरचा
मी पैसे देऊन घेणार. पण आधीच सांगतो, गावात सगळ्यांना वाटणार पण.

पखवाज_जिंतूर
वाट की. फक्त फाइलीचं नाव बदलू नको अन कागदाचा फोटो सोबत टाक.

तानपुरा_अंबाजोगाई
भाऊ, त्यात एमपीथ्रीसोबत न दाबलेल्या वेव्ह फाइली पण टाका. माझ्या क्लासला दोन पाहिजेत.