सारनाथचे अवशेष आईसोबत नीट पाहायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?

पाऊलवाट यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. नोव्हेंबरच्या अखेरीस मी माझ्या ७१ वर्षांच्या आईला घेऊन सारनाथला जाणार आहे. मुक्काम वाराणसीत असेल आणि सारनाथसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवला आहे. आई रोज सकाळी त्रिसरण-पंचशील म्हणते. भगवान बुद्धांनी पाच भिक्खूंना जिथे पहिला उपदेश केला, त्या भूमीवर बसून एकदा वंदना म्हणावी, एवढी एकच तिची इच्छा आहे.

काही वर्षांपूर्वी मी एकटा तिथे गेलो होतो आणि दीड तासात बाहेर पडलो होतो. धामेक स्तूप सोडला, तर विटांची जोती, हिरवळ आणि गुडघाभर उंचीच्या भिंती यांपलीकडे मला काहीही दिसले नाही. आपण कशापुढे उभे आहोत हे न कळताच परत फिरलो, याची खंत अजून मनात आहे. आईच्या बाबतीत तसे होऊ नये असे वाटते. कोणत्या क्रमाने फिरावे, संग्रहालय आधी पाहावे की नंतर, आणि पहिल्या उपदेशाची जागा नेमकी कोणती मानावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती फार चालू शकत नाही.

इष्टिका यांचे उत्तर

आपल्याला जे जाणवले ते सारनाथला जाणाऱ्या बहुतेकांना जाणवते, कारण तिथली सर्वांत महत्त्वाची वास्तू आज उभी नाही. आवारात शिरल्यावर धामेककडे सरळ न जाता उजव्या हाताला जमिनीलगत दिसणाऱ्या विटांच्या गोल जोत्यापाशी थांबावे. हा धर्मराजिका स्तूप. तो मुळात सम्राट अशोकाच्या काळातला असून पुढच्या शतकांत त्याच्यावर एकामागून एक आवरणे चढवून तो मोठा करण्यात आला. १७९४ साली बनारसच्या राजाचे दिवाण जगतसिंह यांच्या माणसांनी नव्या वसाहतीच्या बांधकामासाठी विटा हव्यात म्हणून तो उकरला. आत दगडी पेटी आणि तिच्यात हिरव्या संगमरवराचा करंडक मिळाला. करंडकातील अस्थी गंगेत सोडून देण्यात आल्या. म्हणजे ज्या अस्थींवर हा स्तूप उभारला होता, त्या गेल्या आणि स्तूपही गेला. जोत्यावर दिसणारी एकात एक अशी विटांची वर्तुळे म्हणजे त्या वाढत गेलेल्या आवरणांच्या कडा आहेत. आईंना एवढे सांगितले, तरी त्या रिकाम्या गोलासमोर त्या आपोआप थांबतील.

तिथून उत्तरेला मुख्य मंदिराचे अवशेष आहेत. सातव्या शतकात चिनी प्रवासी ह्युएन त्संग आला, तेव्हा इथे उंच विहार उभा होता आणि दीड हजार भिक्षू राहत होते, असे त्याच्या वृत्तांतात आहे. याच वास्तूच्या दक्षिणेकडील दालनात एकाच दगडातून कोरलेला चौकोनी कठडा आहे. बावीसशे वर्षांनंतरही त्यावरची मौर्यकालीन झिलई डोळ्यांना जाणवते, पण बहुतेक गट तिथवर पोहोचतच नाहीत.

मंदिराच्या पश्चिमेला काचेच्या आवरणात अशोकस्तंभाचा खालचा भाग आहे. मूळ स्तंभ सुमारे १५ मीटर उंच होता. त्याचे तुकडे तिथेच ठेवले आहेत. बुंध्यावरचा ब्राह्मी लेख नुसता पाहून पुढे जाऊ नये. संघात फूट पाडणाऱ्या भिक्खूला किंवा भिक्खुणीला पांढरी वस्त्रे नेसवून विहाराबाहेर राहायला लावावे, अशी राजाज्ञा त्यात आहे. भिक्खूचे काषाय (भगवे) वस्त्र काढून घेण्याची ही शिक्षा संघापुरती किती मोठी होती, हे रोज त्रिसरण-पंचशील म्हणणाऱ्या आपल्या आईंना आपल्यापेक्षा लवकर उमगेल.

पहिल्या उपदेशाच्या जागेबद्दल सांगायचे, तर परंपरेने धामेक स्तूपाला तो मान दिला जातो आणि जगभरचे उपासक तिथेच बसून पठण करतात. काही अभ्यासक मात्र धर्मराजिका आणि मुख्य मंदिराच्या परिसराकडे बोट दाखवतात. दोन्ही ठिकाणे काही पावलांच्या अंतरावर आहेत. कौण्डिन्य, वप्प, भद्दिय, महानाम आणि अस्सजी हे पाचजण याच मृगदावात, म्हणजे सारनाथच्या प्राचीन हरिणवनात, बसले होते, एवढे धरून वंदना कुठेही म्हणावी असे माझे मत आहे.

सावकाश_चाल यांचे उत्तर

क्रमाबद्दल इष्टिका यांच्याशी मी सहमत आहे. केवळ व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगतो. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे दिवस निवडताना तेवढे पाहून घ्यावे. नोव्हेंबरचा शेवट उत्तम आहे. डिसेंबरच्या मध्यानंतर दाट धुके पडते आणि रेल्वेगाड्या तासन्‌तास उशिराने धावतात. वाराणसीपासून सारनाथ सुमारे १० किलोमीटरवर आहे, पण शहरातून बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि आवार उघडताच आत शिरावे. माझ्या वडिलांना मी नेले होते, तेव्हा घडीची छोटी खुर्ची सोबत ठेवली होती. ते प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटे बसत आणि मी माहिती वाचून दाखवत असे. मधल्या वाटा सपाट आहेत, मात्र जोत्यांच्या पायऱ्या वर-खाली करण्याचा आग्रह धरू नये.

वाटेत लागणारा चौखंडी स्तूप गाडीतूनही दिसतो. पाच भिक्खूंची आणि बुद्धांची पुनर्भेट तिथे झाली अशी परंपरा आहे. वरचा अष्टकोनी मनोरा मात्र १५८८ सालचा असून हुमायूनच्या भेटीच्या स्मरणार्थ तो बांधला गेला.

मृगदाव यांचे उत्तर

संग्रहालयाबाबत माझे मत ठाम आहे: ते आधी पाहावे. १९०५ च्या उत्खननात सापडलेले अशोकस्तंभाच्या माथ्यावरचे सिंहशीर्ष तिथे प्रवेशाच्या दालनातच आहे. ते पाहून मग बुंध्यापाशी गेले, तर तुटलेला स्तंभ मनात पुन्हा उभा राहतो. उलट क्रमाने गेल्यास बुंधा हा नुसता दगड वाटतो. सिंहांच्या खालच्या पट्टीवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह चालताना कोरले आहेत आणि त्यांच्यामध्ये २४ आऱ्यांची चक्रे आहेत. सिंहांच्या वर आणखी एक मोठे चक्र होते; त्याचे तुकडे संग्रहालयात वेगळे ठेवले आहेत. आपली राजमुद्रा रोज पाहणाऱ्या माणसालाही हे चक्र ठाऊक नसते, म्हणून ते शोधून आईंना आवर्जून दाखवावे.

धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील, म्हणजे पहिला उपदेश देतानाच्या हस्तमुद्रेतील, पाचव्या शतकातील बुद्धमूर्तीसमोर अधिक वेळ राखून ठेवा. सर्वजण चेहरा पाहतात आणि पुढे जातात. आपण थोडे वाकून बैठकीच्या शिल्पपट्टीकडे पाहावे. मधोमध चक्र आहे, दोन्ही बाजूंना हरणे आहेत आणि पाच शिष्य हात जोडून बसले आहेत. त्यांच्याच रांगेत एका टोकाला एक स्त्री आणि एक लहान मूल आहे. मूर्ती दान करणारी तीच असावी असे मानतात. तिचे नाव कुणाला ठाऊक नाही, पण पंधराशे वर्षे ती आपल्या लेकरासह पहिल्या उपदेशाला बसलेली आहे. माझ्या आईला मी ते दाखवले, तेव्हा ती बराच वेळ तिथून हलली नव्हती.

धामेकला प्रदक्षिणा घालताना खालच्या दगडी भागावरची नक्षी जवळून पाहावी. आठ बाजूंना कोनाडे आहेत. त्यांत पूर्वी मूर्ती होत्या. वेलबुट्टी आणि भौमितिक आकृत्यांचे पट्टे गुप्तकालीन असून काही ठिकाणी नक्षी अपुरी राहिलेली आहे. दगडाला वर्ख चिकटवणे किंवा मेणबत्ती लावणे कृपया कुणीही करू नये. आधीच पुष्कळ हानी झाली आहे.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. धर्मराजिकाच्या अस्थींची हकिगत आईला काल वाचून दाखवली. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग वंदना तिथेच म्हणू." त्यामुळे क्रम ठरला आहे: सकाळी आधी संग्रहालय, मग धर्मराजिकापाशी वंदना, नंतर स्तंभ, आणि शेवटी धामेक. दुपारनंतर आईला बसण्यासाठी एखादी शांत जागा आहे का?

इष्टिका यांचे उत्तर

आहे. धामेकच्या पूर्वेला महाबोधी सोसायटीने बांधलेला मूलगंधकुटी विहार आहे. या सोसायटीचे संस्थापक, श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल यांच्या प्रयत्नांतून तो १९३१ साली पूर्ण झाला. आतील भिंतींवर बुद्धचरित्राची चित्रे जपानी चित्रकार कोसेत्सु नोसु यांनी काढली आहेत. बाहेर श्रीलंकेतील अनुराधपूरच्या बोधिवृक्षाच्या रोपापासून वाढलेला वृक्ष आहे आणि त्याच्या सावलीत बसता येते. आईंना आणखी एक गोष्ट अवश्य सांगावी. १९५६ च्या नोव्हेंबरात काठमांडूच्या बौद्ध परिषदेनंतर बाबासाहेब सारनाथला आले होते. आपण जाणार आहात तो महिनाही तोच आहे.

पाऊलवाट यांचा प्रतिसाद

हे मला ठाऊक नव्हते आणि आईलाही नव्हते. आता आम्ही दुपार विहारातच घालवू आणि संध्याकाळच्या वंदनेपर्यंत थांबू. वाराणसीच्या गाडीची वेळ त्यानुसार बदलून घेतो.