घरटी पाण्याचा मीटर लावायचा का? आमच्या सोसायटीत रणकंदन

घोडबंदरचा सेक्रेटरी: ठाण्यात कासारवडवलीला ९० फ्लॅट आहेत आमचे. पालिकेचा मीटर खाली एकच, त्यावर टँकर वेगळे, आणि सगळा खर्च ९० जणांत सारखा वाटतो. परवा सातव्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधून पाण्याचा आवाज आला, मालक दुबईला, कुलूप उघडून बघतो तर फ्लश टाकीचा फ्लोट अडकलेला आणि कमोडमधे बारीक धार चालूच, किती महिने वाहत होतं देव जाणे. पैसे भरले आपण! माझं मत, प्रत्येक फ्लॅटला मीटर लावा.

पाचपाखाडीची मावशी: आमच्या घरात सहा माणसं, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, रोज चादरी धुवायच्या. म्हणजे आता आजारपणाचा पण दंड भरायचा का? शेजारचे राजा-राणी दोघंच, ते हसत हसत मीटरला हो म्हणणार.

घोडबंदरचा सेक्रेटरी: मावशी, दंड कशाला. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात, तुमचे सहा जणांचे ८१०, महिन्याला २४ युनिट झाले (युनिट म्हणजे १००० लिटर). तेवढं साध्या दराने, वरचं महाग. आत्ता दोघं राहतात ते तुमच्याइतकंच भरतात, ते बरोबर आहे का?

कळव्याचा चाळकरी: तुमच्याकडे निदान टाकी आहे, आमच्याकडे पाणी आलं की आधी नळ पाच मिनिटं फुसफुस करतो नि मीटरचा काटा हवेवरच गरगर फिरतो. हवेचं बिल कोण भरणार भाऊ?

वाशीकर: मीटरने पाणी वाढत नाही हो. आमच्याकडे मोरबे धरण पालिकेचं स्वतःचं आहे, तुम्ही ठाणेकर मात्र भातसा नदी, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी, मुंबई पालिका अशा चार दारांत भांडं घेऊन उभे. आधी तिथे काय ते बोला.

घोडबंदरचा सेक्रेटरी: बोलू की, पण ते होईपर्यंत टँकर मागवायचा तो मलाच ना.

पाइपवाला: वीस वर्षं प्लंबिंग करतोय म्हणून सांगतो, चिडू नका. जुन्या बिल्डिंगमधे गच्चीवरच्या टाकीतून किचनला एक लाइन उतरते, बाथरूमला वेगळी, संडासला तिसरीच, म्हणजे एका फ्लॅटला एक मीटर पुरत नाही, तीन-चार लागतात, नाहीतर भिंती फोडून सगळ्या लाइनी एकत्र आणा. आणि सेक्रेटरीसाहेब, ज्या बारीक धारेवरून तुम्ही पेटलात ना, तेवढ्याशा धारेने साधा मीटर बहुतेक वेळा हलतच नाही. दुबईवाल्याचं बिल शून्यच आलं असतं.

पाचपाखाडीची मावशी: 😂😂 घ्या!

घोडबंदरचा सेक्रेटरी: हसा हसा. मग करू काय, दारोदार फिरून फ्लोट तपासू?

पाइपवाला: हो, तेच करा. दोन दिवसांचं काम आहे, मीटरच्या पैशात सगळे फ्लोट नवीन येतील. आणि मीटर लावायचेच असतील तर आधी डक्टमधे बघा एका फ्लॅटला किती लाइनी जातात.

घोडबंदरचा सेक्रेटरी: आत्ताच बघून आलो. चार आहेत. त्यातली एक कुठे जाते ते कुणालाच माहीत नाही.